पडद्यावर ठीक, कागदावर बिघडलेली: लेझर प्रिंटरवरचं पीडीएफचं दुखणं घोस्टस्क्रिप्टने कसं घालवायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. पीडीएफ पडद्यावर अगदी व्यवस्थित दिसते. छापायला दिली की कधी पहिली दहा पानं नीट येतात आणि मग प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबून राहतो. कधी पान अर्ध्यावर कोरं पडतं. कधी जोडाक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कधी प्रत्येक पानावर निरर्थक चिन्हांची एक-दोन ओळी अशी पानामागून पानं बाहेर पडत राहतात. प्रिंटर बंद-चालू केला, पुन्हा पाठवलं, की बऱ्याचदा काम होतं. त्यामुळे आपण ते विसरून जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच येतो.

माझ्याकडे दर आठवड्याला साधारण चाळीस पानांचा एक अहवाल छापायचा असतो. तो कित्येक महिने अकराव्या पानावर अडायचा. मी प्रिंटर बंद-चालू करायचो, अकरावं पान एकटं पाठवायचो, मग उरलेली पानं. ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा बसवला, केबल बदलली. एके दिवशी शांतपणे बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की प्रिंटर ठणठणीत होता. आपली फाइल त्याच्यापर्यंत पोचण्याआधी मध्ये कुठेतरी रूपांतरित होते, आणि तिथे काय घडतंय हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. घोस्टस्क्रिप्ट या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने ते काम स्वतःच्या हातात घेतलं तेव्हापासून अकराव्या पानाचा त्रास संपला. ते कसं केलं, ते इथे लिहितो आहे. लिनक्सवरचं तपशिलात, विंडोजवरचं थोडक्यात.

आधी कागद वाचवा

चिन्हांची पानं सुरू झाली की बहुतेक जण सगळ्यात आधी प्रिंटरचं बटण दाबतात. नेमकं तेच करू नका. संगणक फाइल तुकड्यातुकड्याने पाठवत असतो. प्रिंटर मध्येच बंद होऊन पुन्हा चालू झाला की त्याला फाइलचा उरलेला भाग मधूनच मिळू लागतो. सुरुवातीच्या ज्या ओळींवरून तो भाषा ओळखतो त्या केव्हाच निघून गेलेल्या असतात. मग समोर आलेलं सगळं तो साधा मजकूर समजून छापत सुटतो. म्हणजे बंद-चालू केल्यानेच कचरा वाढतो.

म्हणून आधी कागदाचा ट्रे बाहेर ओढा. मग संगणकावरून छपाईच्या कामांची रांग रिकामी करा. लिनक्सवर आणि मॅकवर त्यासाठी एवढी कमांड पुरते:

कॅन्सल -ए

रांग खरोखर रिकामी झाली का ते ‘एलपीस्टॅट -ओ’ देऊन पाहा. त्यानंतरच प्रिंटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि चालू करा. ट्रे सगळ्यात शेवटी लावा.

या लेखात सगळ्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच (1, 2, 3) टाइप करायच्या. घोस्टस्क्रिप्ट लहान आणि मोठ्या अक्षरांतला फरक काटेकोरपणे पाळतं. जिथे महत्त्वाचं आहे तिथे ते सांगतोच.

प्रिंटरला कोणती भाषा येते?

इतरांच्या अडचणी सोडवताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, आणि बहुतेकांना त्याचं उत्तर माहीत नसतं. पीडीएफ थेट समजणारे प्रिंटर आहेत, पण सगळेच तसे नाहीत. पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा अडोबीने १९८४ मध्ये आणली आणि १९८५ च्या ॲपल लेझररायटरमध्ये ती प्रिंटरच्या आतच बसवली. त्या यंत्रात दीड मेगाबाइट मेमरी होती आणि तो इंचाला ३०० ठिपके छापायचा. दुसरी भाषा पीसीएल, एचपीची. ती १९८४ च्या पहिल्या लेझरजेटपासून लेझर प्रिंटरमध्ये आहे. तिचंच नंतरचं, बरंच वेगळं रूप म्हणजे पीसीएल एक्सएल, ज्याला बाजारात पीसीएल ६ म्हणतात. पीडीएफ १९९३ मध्ये आली, म्हणजे या दोघींची धाकटी.

तिसरा प्रकार त्रासदायक आहे. काही स्वस्त लेझर प्रिंटरना यातली एकही भाषा येत नाही. पानाचं चित्र संगणकाने तयार करायचं आणि कंपनीच्या स्वतःच्या साच्यात घालून पाठवायचं, एवढंच त्यांना कळतं. अशा यंत्राला पोस्टस्क्रिप्ट पाठवलं की पानभर चिन्हं येणारच. तिथे त्या मॉडेलचा नेमका ड्रायव्हरच लागतो. दुसरा इलाज नाही, हे आधीच मान्य केलं तर पुष्कळ वेळ वाचतो.

उत्तर मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे प्रिंटरच्याच मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान छापून घेणं. बहुतेक यंत्रं त्यावर भाषांची नावं आणि मेमरी किती ते छापतात. प्रिंटर नेटवर्कवर असेल आणि आयपीपी (नेटवर्कवरून छपाई करण्याची प्रमाणित पद्धत) समजत असेल तर ‘आयपीपीटूल’ या साधनाने त्याची सगळी गुणवैशिष्ट्यं वाचता येतात. त्या लांबलचक यादीत ‘डॉक्युमेंट-फॉरमॅट-सपोर्टेड’ ही ओळ शोधा. तिथे पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल, पीडब्ल्यूजी रास्टर, यूआरएफ (ही शेवटची दोन म्हणजे पानाच्या तयार चित्राचे साचे) यांपैकी जी नावं दिसतील, ती त्या प्रिंटरला येणारी भाषा.

मग फाइल खरोखर कोणत्या भाषेत आहे ते पाहा. नावाच्या शेपटीवर विश्वास ठेवू नका, ‘हेड -सी ६४’ देऊन फाइलचे पहिले काही बाइट वाचा. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ अशी होते. पोस्टस्क्रिप्टची टक्का, उद्गारचिन्ह आणि पीएस अशी. पोस्टस्क्रिप्टच्या आधी एक जरी अनाहूत बाइट आला तरी ओळखण्यात घोळ होऊ शकतो. विंडोजचे काही ड्रायव्हर फाइलच्या सुरुवातीला कंट्रोल-डी हे अदृश्य चिन्ह घालतात. एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडून सेव्ह केली तर बॉम नावाचे तीन बाइट चिकटू शकतात. मग वाटेतला एखादा प्रोग्राम तिला साधा मजकूर समजतो आणि पोस्टस्क्रिप्टच्या कोडचीच पानंच्या पानं छापून टाकतो. छापलेल्या कागदावर वाचता येण्यासारखे रोमन शब्द आणि कंस दिसत असतील, तर कारण बहुधा हेच आहे. नुसती विचित्र चिन्हं असतील, तर भाषा चुकली आहे किंवा प्रवाह मधूनच सुरू झाला आहे.

मूळ कमांड

घोस्टस्क्रिप्ट १९८८ पासून आहे आणि पीडीएफ व पोस्टस्क्रिप्ट दोन्ही वाचतं. पोस्टस्क्रिप्ट येणाऱ्या प्रिंटरसाठी:

जीएस -ओ छपाई.पीएस -एसडिव्हाइस=पीएस२राइट अहवाल.पीडीएफ

पीसीएल एक्सएल येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरसाठी:

जीएस -ओ छपाई.पीएक्सएल -एसडिव्हाइस=पीएक्सएलमोनो -आर६०० अहवाल.पीडीएफ

डिव्हाइस म्हणजे निकाल कोणत्या रूपात काढायचा ते, आणि आर६०० म्हणजे इंचाला ६०० ठिपके. यात सुरुवातीचा एस लहान आणि डिव्हाइस हा शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत. रंगीत यंत्रासाठी पीएक्सएलकलर. फक्त जुनं पीसीएल येत असेल तर एलजेट४. ‘-ओ’ हा जोडपर्याय आहे: निकालाच्या फाइलचं नाव सांगतो आणि ‘नोपॉज’ व ‘बॅच’ हे दोन पर्यायही लावतो. जुन्या उदाहरणांत ते दोन्ही सुटे लिहिलेले दिसतील. नोपॉज राहून गेलं तर घोस्टस्क्रिप्ट एकेका पानानंतर एंटरची वाट पाहत थांबू शकतं, आणि बॅच राहिलं तर काम संपल्यावरही बाहेर पडत नाही. रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट सकाळी लटकलेली सापडली तर आधी हे दोन शब्द शोधा.

आणखी एक चूक मी फार वेळा पाहिली आहे: पर्याय फाइलच्या नावानंतर लिहिणं. घोस्टस्क्रिप्ट डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि फाइल आली की लगेच तिच्यावर काम करतं. नंतर आलेला पर्याय त्या फाइलला लागत नाही आणि त्याबद्दल एक अक्षरही न बोलता ते पुढे जातं. फाइलचं नाव नेहमी सगळ्यात शेवटी.

तयार झालेली फाइल पाठवताना:

एलपी -डी रांगेचंनाव -ओ रॉ छपाई.पीएस

‘रॉ’ इथे महत्त्वाचं आहे. ते नसेल तर छपाई व्यवस्था आपलं पोस्टस्क्रिप्ट घेते, अनेक ठिकाणी त्याची पुन्हा पीडीएफ करते आणि मग तिच्या पद्धतीने परत पोस्टस्क्रिप्ट करते. म्हणजे आपण केलेली सगळी मेहनत वाटेतच पुसली जाते. रॉ म्हणजे जसंच्या तसं पाठव. मात्र मग पाठपोट, प्रतींची संख्या, ट्रे यांच्या ज्या निवडी आपण एलपीला सांगतो त्या लागू होत नाहीत. पाठपोट हवं असेल तर पीएक्सएलमोनोला ‘-डीड्यूप्लेक्स’ देता येतं, त्यात पहिला डी लहान आणि ड्यूप्लेक्सचा मोठा.

नेटवर्कवरचा प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असेल तर रांगेला पूर्ण वळसा घालून ‘एनसी’ या साधनाने फाइल थेट पाठवता येते. रोज वापरण्यासाठी नाही, पण दोष रांगेत आहे की फाइलमध्ये हे ठरवायला याच्यासारखी चाचणी नाही. थेट पाठवल्यावर नीट छापलं तर फाइल निर्दोष आहे, आता रांगेकडे वळा.

विंडोजवर टर्मिनलसाठी जीएसविन६४सी वापरा, शेवटच्या सी-सकट. सी नसलेला प्रोग्राम वेगळी खिडकी उघडतो. प्रिंटर फक्त कंपनीच्या ड्रायव्हरवर चालत असेल तर तिथे ‘एमएसविनपीआर२’ हे डिव्हाइस निवडता येतं. ते पानाचं चित्र बनवून विंडोजच्या ड्रायव्हरकडे सोपवतं. निकालाच्या फाइलऐवजी दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये प्रिंटर हा शब्द आणि पुढे प्रिंटरचं नाव लिहायचं. हे बॅच फाइलमध्ये लिहीत असाल तर टक्क्याचं प्रत्येक चिन्ह दोनदा टाका, नाहीतर विंडोज ते आपलं समजून खाऊन टाकतं.

अकरावं पान

आता माझ्या अहवालाकडे. माझा प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट जाणतो, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता. मग एकच पान का अडावं? यासाठी मी प्रत्येक पानाची वेगळी फाइल काढली. निकालाच्या नावात टक्का, शून्य, तीन आणि लहान डी एवढं लिहिलं की घोस्टस्क्रिप्ट प्रत्येक पान ००१, ००२ अशा क्रमांकाने वेगळं लिहितं. मग ‘एलएस -एलएस’ने, दुसऱ्या एलएसमधला एस मोठा, त्या फाइली आकाराच्या क्रमाने लावल्या. एकोणचाळीस पानं किरकोळ आकाराची निघाली आणि अकरावं त्यांच्या कितीतरी पट मोठं. तुमचं अडणारं पान कोणतं हे माहीत असो वा नसो, ही एक चाचणी जरूर करा. मेमरीचा प्रश्न असेल तर दोषी पान यादीत सगळ्यात वर येऊन बसतं.

अकराव्या पानावर एक तक्ता होता आणि त्या तक्त्याच्या चौकटीला हलकीशी सावली दिलेली होती. सावली म्हणजे अर्धपारदर्शक रंग. पीडीएफमध्ये पारदर्शकता १.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ पासून आहे. पोस्टस्क्रिप्टमध्ये ती कल्पनाच नाही. त्यामुळे पीएस२राइटला असं पान आलं की अक्षरं अक्षरं म्हणून आणि रेषा रेषा म्हणून पाठवता येत नाहीत. त्याला पानाचं चित्र करावं लागतं. आणि आपण काही सांगितलं नाही तर ते चित्र इंचाला ७२० ठिपके या मापाने होतं, कारण या डिव्हाइसचं मूळ माप तेच आहे.

हिशेब करून पाहा. ए४ पान ७२० ठिपक्यांनी म्हणजे सुमारे ५९५० गुणिले ८४२०, जवळपास ५ कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर दाबण्यापूर्वी एका पानाचे १५० मेगाबाइट. तेच पान करड्या छटांत ३०० ठिपक्यांनी केलं तर ८७ लाख बाइट, म्हणजे नऊ मेगाबाइटच्या आत. सावलीच्या एका चौकटीसाठी केवढा हा बोजा. माझा प्रिंटर मुळात काळा-पांढरा, म्हणजे त्यातला रंग तर तो टाकूनच देणार होता.

म्हणून कमांड अशी झाली:

जीएस -ओ छपाई.पीएस -एसडिव्हाइस=पीएस२राइट -आर३०० -एसकलरकन्व्हर्जनस्ट्रॅटेजी=ग्रे अहवाल.पीडीएफ

कलर, कन्व्हर्जन, स्ट्रॅटेजी आणि ग्रे या चारही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं, मध्ये जागा नाही. घोस्टस्क्रिप्टच्या जुन्या आवृत्तीत सोबत ‘-डीप्रोसेसकलरमॉडेल’, बरोबरचं चिन्ह, तिरकी रेघ आणि ‘डिव्हाइसग्रे’ असंही द्यावं लागतं, इथेही प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. ३०० वर छापलेल्या अकराव्या पानाची अक्षरं इतर पानांपेक्षा किंचित कमी धारदार दिसतात, कारण तिथे अक्षरंही चित्राचा भाग झालेली असतात. प्रिंटरची मेमरी पुरेशी असेल तर ६०० द्या. बाकीच्या पानांवर या आकड्याचा जवळजवळ परिणाम होत नाही, कारण तिथे अक्षरं अक्षरंच राहतात.

खरा उपाय मात्र मूळ दस्तऐवजात आहे. मी तक्त्याची सावलीच काढून टाकली. तुमच्याकडे सावली नसेल तर पार्श्वभूमीतलं फिकट वॉटरमार्क पाहा, आणि शीर्षपट्टीतलं बोधचिन्ह पाहा. पीएनजी बोधचिन्हाची पार्श्वभूमी पारदर्शक असेल आणि ते प्रत्येक पानावर असेल, तर प्रत्येक पान अकरावं पान होऊन बसतं. पांढऱ्या पार्श्वभूमीचं चित्र लावा, फरक लगेच दिसेल. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढताना पीडीएफ/ए-१ हा प्रकार निवडला तरी पारदर्शकता राहत नाही, कारण त्या मानकात तिला मनाईच आहे.

मात्रा, रफार आणि चौकोन

आपल्याला सगळ्यात जास्त छळणारा भाग हा. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही. ‘र्त्य’ किंवा ‘ष्ट्र’ यांचा आकार ठरवायचा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणायची, रफार योग्य ठिकाणी चढवायचा, ही सगळी जुळणी दस्तऐवजाची पीडीएफ होताना होते. लिब्रेऑफिस हे काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतं. त्यानंतर पीडीएफमध्ये फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक जातात: हा आकार इथे, तो तिथे. हे एकदा समजलं की दोष कुठे शोधायचा ते आपोआप कळतं.

पीडीएफ पडद्यावर उघडा, पण शक्यतो जिथे ती तयार झाली त्या संगणकावर नाही, दुसऱ्यावर. तिथेच मात्रा सुटलेल्या दिसल्या तर घोस्टस्क्रिप्ट आणि प्रिंटर दोघेही सुटले, मूळ दस्तऐवजाकडे जा. पडद्यावर ठीक आणि कागदावर चौकोन असं असेल तर ‘पीडीएफफॉन्ट्स अहवाल.पीडीएफ’ द्या. त्या तक्त्यात ‘ईएमबी’ नावाचा रकाना आहे. तिथे होकार असेल तर फॉन्ट फाइलमध्येच आहे. नकार असेल तर फाइल फक्त फॉन्टचं नाव घेऊन फिरते आहे, आणि ज्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेला आहे तिथेच ती बरी दिसणार. बाकी सगळीकडे दुसरा कुठला तरी फॉन्ट घेतला जातो. आकारांचे क्रमांक प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळे असल्यामुळे ‘क’च्या जागी भलतंच काहीतरी येतं. युनिकोडच्या आधीचे जुने मराठी फॉन्ट वापरलेल्या फाइलींत हा घोळ वेगळ्या रूपात दिसतो: सगळा मजकूर रोमन अक्षरांच्या अर्थहीन गर्दीत बदलतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घोस्टस्क्रिप्टला फॉन्ट आत घालायला सांगणारा पर्याय आहे, पण जो फॉन्ट त्या संगणकावरच नाही तो ते तरी कुठून आणणार? तेव्हा जिथे फॉन्ट आहे त्या संगणकावर जाऊन पीडीएफ नव्याने काढणं हाच मार्ग. पीडीएफ/ए निवडलं तर फॉन्ट आत घालणं बंधनकारकच होतं. काही फॉन्टच्या परवान्यात आत घालायला मनाई असते आणि फॉन्टच्या फाइलमध्ये तशी खूण असते, मग प्रोग्राम तो आत घालत नाही. तिथे फॉन्टच बदला.

फॉन्ट आत आहे, घोस्टस्क्रिप्टमधून काढलेली फाइल पडद्यावर ठीक दिसते, आणि तरीही प्रिंटर काही अक्षरं गाळतो, असंही होतं. म्हणजे प्रिंटरमधल्या पोस्टस्क्रिप्टच्या अंमलबजावणीला तो फॉन्ट पचत नाही. अशा वेळी ‘-डीनोआउटपुटफॉन्ट्स’ लावा, नो, आउटपुट आणि फॉन्ट्स यांची पहिली अक्षरं मोठी. मग प्रत्येक अक्षर बाह्यरेषेच्या आकृतीत बदलतं आणि प्रिंटरकडे फॉन्ट जातच नाही. फाइल मोठी होते, छपाई थोडी हळू होते, पण जोडाक्षरं अखंड येतात. ही फाइल फक्त छपाईपुरती ठेवा, त्यातला मजकूर शोधता किंवा कॉपी करता येत नाही.

नुसती टेक्स्ट फाइल छापायची असेल तर ‘ए२पीएस’ आणि ‘एन्स्क्रिप्ट’ ही जुनी साधनं मराठीसाठी निरुपयोगी आहेत. त्यांना देवनागरीची जुळणी येत नाही. ‘पॅप्स’ हे साधन पँगो लायब्ररीवर चालतं, ते मराठी नीट काढतं.

अनुस्वार गायब होण्याचं एक कारण फॉन्टशी संबंधित नसतं. मजकूर गडद करड्या रंगात असेल तर काळा-पांढरा प्रिंटर ती छटा बारीक ठिपक्यांच्या जाळीतून दाखवतो. अनुस्वाराचा ठिपका आणि जाळीतले ठिपके आकाराने फारसे वेगळे नसतात, त्यामुळे लहान अक्षरांत अनुस्वार त्या जाळीत हरवतो. मूळ दस्तऐवजात मजकूर पूर्ण काळा करा. मराठीत अनुस्वार गेला तर अर्थ जातो, म्हणून याकडे मी फार बारकाईने पाहतो.

कागदाचं माप

प्रिंटर दिवा लावून थांबला आहे, ट्रेमध्ये कागद आहे, तरी तो कागद मागतो आहे. ‘पीडीएफइन्फो’ देऊन पानाचं माप पाहा. ५९५ गुणिले ८४२ म्हणजे ए४. ६१२ गुणिले ७९२ दिसलं तर फाइल अमेरिकी लेटर मापाची आहे, जे ए४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतं. प्रिंटर त्या मापाच्या कागदाची वाट पाहत बसतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून पानं गोळा करून जोडलेल्या फाइलीत मधलंच एखादं पान असं निघतं, म्हणून ‘-एफ १ -एल ९९’ देऊन प्रत्येक पानाचं माप वेगळं पाहा. उपाय तीन पर्यायांचा: ‘-एसपेपरसाइझ=ए४’, ‘-डीफिक्स्डमीडिया’ आणि ‘-डीपीडीएफफिटपेज’. पहिल्या दोन्हींतले मुख्य शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत, ए४ मात्र लहान. तिसऱ्यात पीडीएफ पूर्ण मोठं, फिट आणि पेजचं पहिलं अक्षर मोठं. तिन्ही एकत्र द्यायचे. नुसतं कागदाचं माप सांगितलं तर फाइलमधलं माप त्याच्यावर मात करतं.

आडवे तक्ते उभे किंवा उभे तक्ते आडवे होत असतील तर ‘-डीऑटोरोटेटपेजेस’, बरोबरचं चिन्ह, तिरकी रेघ आणि ‘नन’ द्या, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं.

अस्पष्ट अक्षरं

स्कॅन केलेली पानं धूसर येत असतील तर आपल्या कमांडमध्ये ‘पीडीएफसेटिंग्ज’ आणि पुढे ‘स्क्रीन’ असं आहे का ते पाहा. फाइल लहान करण्यासाठी ही ओळ सर्रास उतरवून घेतली जाते. ती चित्रं इंचाला ७२ ठिपक्यांवर आणते, आणि प्रिंटर ६०० चा. छपाईसाठी ‘प्रिंटर’ हे नाव द्या किंवा तो पर्याय पूर्णच काढा. आधीच ७२ वर आणलेली फाइल कोणत्याही पर्यायाने पुन्हा सुधारत नाही, मूळ स्कॅनच लागतं.

पुन्हा येऊ नये म्हणून

इतकं करूनही दोन महिन्यांनी माझी अडचण एकदा परत आली. या वेळी सिस्टिम अपडेटनंतर रांग बदलली होती: पोस्टस्क्रिप्टच्या जागी ड्रायव्हरविना चालणारी नवी रांग आपोआप तयार झाली होती, आणि मी नेहमीच्या सवयीने प्रिंटचं बटण दाबून तिच्यातच काम पाठवत होतो. ‘एलपीस्टॅट -व्ही’ दिलं की प्रत्येक रांग कोणत्या पत्त्यावर जाते ते दिसतं. एकाच यंत्राच्या दोन रांगा दिसल्या तर नको असलेली काढून टाका.

ज्यांना रांगेतूनच, नेहमीच्या प्रिंट बटणाने छापायचं आहे त्यांच्यासाठी कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेत, एक सोय आहे. पीडीएफचं पोस्टस्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने करायचं हे रांगेपुरतं ठरवता येतं. ‘एलपीॲडमिन’ला रांगेचं नाव देऊन ‘पीडीएफटूपीएस-रेंडरर-डिफॉल्ट’ हा पर्याय लावायचा, यातला ‘टू’ हा शब्द, आकडा नाही. त्याची किंमत जीएस, पीडीएफटूपीएस किंवा पीडीएफटूकैरो ठेवून पाहायची. एकाने अडलेली फाइल दुसऱ्याने सहज जाते असं अनेकदा होतं. काहीच कळेनासं झालं तर ‘कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ देऊन एकदा छापा आणि एरर लॉग वाचा. कोणता फिल्टर, म्हणजे मधे रूपांतर करणारा प्रोग्राम, कोणत्या क्रमाने चालला आणि कुठे पडला, सगळं तिथे लिहिलेलं असतं. नंतर ‘--नो-डीबग-लॉगिंग’ द्यायला विसरू नका, लॉग फार वेगाने फुगतो.

घोस्टस्क्रिप्टच्या आवृत्तीचंही भान ठेवा. ९.५० पासून, म्हणजे २०१९ पासून, ते मूळातच सुरक्षित पद्धतीने चालतं आणि परवानगी दिल्याशिवाय इतर फाइली वाचत नाही. त्यामुळे जुनी स्क्रिप्ट परवानगी नाकारल्याची तक्रार करत अचानक बंद पडू शकते. ९.५६ पासून, २०२२ मध्ये, पीडीएफ वाचणारा भागच नव्याने लिहिलेला आला. जुन्या आवृत्तीला चालणारी एखादी सदोष पीडीएफ नव्याला चालत नाही, किंवा उलट. अशी शंका आली की ‘क्यूपीडीएफ --चेक’ने फाइल तपासा. दुरुस्तीसाठी ‘म्यूटूल क्लीन’ चांगलं काम करतं.

सध्या माझी स्क्रिप्ट फक्त बारा ओळींची आहे. ती आधी पानांची मापं पाहते, मग फॉन्टच्या रकान्यात नकार शोधते आणि सापडला तर तिथेच थांबते. मग करड्या छटांत रूपांतर करते, पानागणिक आकार मोजते आणि एखादं पान ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर त्याचा क्रमांक सांगते. त्यानंतरच फाइल रॉ पाठवते. त्याच फोल्डरमध्ये तीन पानांची एक चाचणी फाइल ठेवली आहे: पहिल्या पानावर अवघड जोडाक्षरं आणि भरपूर अनुस्वार, दुसऱ्यावर सावलीची चौकट, तिसरं लेटर मापाचं. अपडेट झालं की अहवालाआधी ती तीन पानं छापून पाहतो.